कोरड्या आबांची जपलेली गाडी

लोणावळ्यात काडेपेटी पिठाच्या डब्यात ठेवावी लागते आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. अशा गावात राहून एक माणूस उठता-बसता ‘कोरडं ठेवा’ म्हणून लोकांवर ओरडत असे. वलवणच्या रस्त्याला त्यांचं जुन्या मोटारसायकलींचं गॅरेज होतं. आम्ही त्यांना कोरडे आबा म्हणायचो. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाचीच नव्हती.

आबांचा जगात एकच वैरी होता, पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप नि वॉशर फुगवतं, टाकीला आतून गंज चढवतं, हे सगळं खरंच होतं. पण आबा ते सांगायचे भाऊबंदाच्या कागाळ्या सांगाव्यात तसं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत रेघेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यावर गिऱ्हाइकाच्याच टाकीतलं पेट्रोल ओतायचं आणि गदागदा हलवून बाटली फळीवर ठेवायची. जरा वेळाने इथेनॉल पाण्यात उतरून खालचं पाणी रेघेच्या वर चढलेलं दिसे. “बघा, पानी वाढलं. आबाळातनं पडलं का?” एकदा भुशी धरणाचा रस्ता विचारायला थांबलेल्या मुंबईच्या जोडप्याला त्यांनी बाटली निवळेपर्यंत थांबवून ठेवलं. मुलगी बिचारी भिजून कुडकुडत होती. रस्ता शेवटपर्यंत सांगितला नाहीच.

माझ्याकडे वडिलांची जुनी गाडी होती. मी ती अर्ध्या टाकीवर पावसाळाभर झाकून ठेवली आणि मग सुरू होईना म्हणून ढकलत आबांकडे नेली. त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि मला खाली बसायला सांगितलं.

“गुरुजी, गाडी उभी ठेवायची तर टाकी पार कोरडी करायची, न्हाईतर गळ्यापातूर भरायची. अर्ध्या टाकीत हवा ऱ्हाती. हवंचं पानी, पान्याचा गंज. पोरास्नी काय शिकवता तुमी?”

“मराठी,” मी म्हणालो.

“मग बरोबर हाय.”

असा पाणउतारा करून त्यांनी कार्बोरेटर धुतला, पाइप बदलले आणि गाडी पहिल्या किकला चालू करून दिली. हात असा होता, म्हणून तर आम्ही बोलणी खायला पुन्हा पुन्हा जायचो.

त्यांची स्वतःची गाडी मात्र गॅरेजमागच्या पडवीत उभी असे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून आबांनी तिला थेंबही पाजला नव्हता. कार्बोरेटर काढून बायकोच्या, म्हणजे आमच्या मावशींच्या, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता, दमट हवा लागू नये म्हणून. त्यांच्याकडे जेवताना भाताला किंचित पंपाचा वास यायचा. कुणी नाक मुरडलं की आबा चिडायचे, “धुऊन ठिवलाय!”

मावशींचं माहेर तिकोणा पेठचं. लग्नानंतर त्या पहिल्यांदा माहेरी गेल्या त्या याच गाडीवर, आबांच्या मागे बसून. पुन्हा एकदा तसं जायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. दर दिवाळीला आबांचं उत्तर ठरलेलं, “या पेट्रोलवर? न्हाई. त्यात टिकंल असला पाइप येऊ दे.” मावशी मग वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन एकट्याच जायच्या. मी एकदा म्हणालो, “आबा, एका फेरीने काय फुगणार आहे? आल्यावर टाकी रिकामी करा.” त्यांनी मला मराठीच शिकवायला सांगितलं.

त्यानंतरच्या तिसऱ्या दिवाळीला तसा पाइप आला. वॉशर आले. टाकी आतून घासून झाली, तांदळातून कार्बोरेटर निघाला. मी फराळाला गेलो होतो, तेव्हा आबा पडवीतून गाडी चालवत घराच्या दारात आले. अगदी नवरदेवासारखे ताठ बसले होते. “आवर गं, पेठला जाऊ!”

मावशी नवं लुगडं नेसून आल्या. आबांचा खांदा धरून त्यांनी पाय उचलला. पाय फूटरेस्टपर्यंत पोचेना. पुन्हा उचलला, पुन्हा खाली टेकला. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता, सगळ्या आळीला ते ठाऊक होतं. वॉशर फुगलाय हे ज्यांना नुसत्या वासावरून कळायचं, त्यांना बायकोचे सुजलेले गुडघे दिसले नव्हते.

“गाडी लय जपलीत,” मावशी म्हणाल्या. “माजी वॉशरं कोन बदलनार आता?”

मला हसू फुटलं. मावशीही हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांनी गाडी बंद केली आणि ढकलत परत पडवीत नेऊन लावली. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तेवढंच वाईटही वाटलं. ती गाडी त्यांनी पुन्हा कधी बाहेर काढली नाही.

मागच्या थंडीत आबा गेले. महिनाभराने पुण्याचा एक शौकीन गाडी बघायला आला. मावशींनी मला बोलावून घेतलं होतं. त्याने टाकीत बॅटरी मारून पाहिली. आत गंजाचा ठिपका नव्हता. तो अगदी हरखून गेला.

“मावशी, एवढं सगळं नवं टाकल्यावर गाडी किती चालली?”

मावशींनी बसल्या जागेवरून पडवीकडे बोट केलं.

“तितनं या उंबऱ्यापातूर.”