गुणमालाकाकूंचा माहेरचा वाटा

पलूसला आमच्या शेजारी गुणमालाकाकू राहतात. त्या बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार होतो. पण यंदा द्राक्षं उतरायच्या तोंडावर त्या गप्पच झाल्या आणि मला धास्ती वाटू लागली.

काकूंचा सगळा जीव माहेरात, म्हणजे डिग्रजच्या धाकट्या भावात, महावीरमध्ये. आईवडील गेल्यावर शेतातला वाटा त्यांनी हसत भावाला सोडला, हक्कसोडीवर सही करून आल्या. थोरल्या मुलाला, भरतेशला त्यांनी महावीरची थोरली लेक करून आणली, ब्राह्मी. मामाची मुलगी करण्यात आमच्याकडे नवल नाही. परक्या घरची आणली तर लोक विचारतात, भावाशी बिनसलंय का? धाकट्या वीरधवलला महावीरची धाकटी साक्षी ठरली होती. साखरपुडाही उरकला होता.

घोर होता तो सन्मतीचा, भरतेश-ब्राह्मीच्या मुलाचा. शाळेच्या वयाचा झाला तरी तो भिंत धरून, टाचा उचलून चालायचा. पाय ताठ, शब्द मोजके. काकूंनी पद्मावतीला नवस बोलला, तेल चोळलं, आणि ग्रहणात बाहेर पडलीस म्हणून ब्राह्मीलाही बोल लावला. ते मला मुळीच आवडलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. तिकडे महावीर म्हणायचे, खोट पलूसकरांची, आमच्यात असे पाय कुणाचे नाहीत.

शेवटी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मुलाचं आणि आईबापाचं रक्त तपासायला पाठवलं. निकाल ऐकायला काकूंनी मलाही नेलं. दोष एपीफोरएमवन नावाच्या जनुकात होता. पेशीतला माल निवडून ज्या त्या ठिकाणी धाडणारं एक प्रथिन असतं, त्याचा एक भाग या जनुकावरून घडतो.

"तुमच्या द्राक्षाच्या शेडसारखं समजा," बाई म्हणाल्या. "पेट्या तयार आहेत, पण कुठली पेटी कुठल्या गाडीत घालायची ते बघणारा माणूसच नाही. मज्जापेशींचे लांब धागे माल न पोचल्यानं नीट चालत नाहीत, म्हणून पाय असे."

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी माणूस धडधाकट राहतो. भरतेश आणि ब्राह्मी दोघांचीही एकेक बिघडलेली, बिघाड हुबेहूब तोच, आणि सन्मतीला नेमक्या त्या दोन्ही मिळाल्या. काकूंनी विचारलं, हे आलं कुठून? बहुतेक तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून, बाई म्हणाल्या, तुमच्यात आणि तुमच्या भावात.

येताना काकू गाडीत एकच विचारत होत्या, वीरधवलचं काय, साक्षीचं काय? दोघांनीही रक्त दिलं. साक्षी तर वडिलांना न सांगता आली. उत्तर आलं ते भीती होती तेच. दोघांकडेही ती बिघडलेली एकेक प्रत होती. म्हणजे दर मुलामागे चारात एक धोका. गर्भ तपासून पाडणं त्या जैन घरात कुणाच्या मनालाही शिवणार नव्हतं. लग्न मोडायला हवं होतं, आणि ते भावाला सांगायचं काकूंनीच.

"तो माझ्याशी बोलायचा न्हाई बघ आता," डिग्रजच्या वाटेवर त्या मला म्हणाल्या. "माहेर तुटलं माझं."

महावीरनी ऐकून घेतलं आणि ते भडकलेच. साखरपुडा झालेली पोरगी परत पाठवता का, आमच्या रक्ताला नावं ठेवता का, असं बरंच बोलले. काकू मान खाली घालून बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या,

"महावीर, शेतातला वाटा मी तुला सोडला. ह्यो वाटा सोडता आला न्हाई रं. आईबाबांनी आपल्या दोघांस्नी सारखाच दिलाय. म्या माझा भरतेशला दिला, तू तुझा ब्राह्मीला. आता पुढच्या पोरांस्नी नगं द्यायला."

आतल्या दारात साक्षी रडत होती. कुणी चहाचंही विचारलं नाही, तेव्हा काकू उठल्या आणि चपला पायात घालू लागल्या. माहेराहून त्या कधी रिकाम्या ओटीनं निघाल्या नव्हत्या. आम्ही पायरी उतरलो.

मागून महावीरचा आवाज आला. बायकोला सांगत होते, "अक्काची ओटी भर."

वहिनींनी ओटी भरली. ताट साक्षीनं धरलं होतं.