खिरीची कढई

माझी धाकटी जाऊ दौंडची. तिचे वडील रेल्वेत, त्यामुळे तिचं सगळं लहानपण क्वार्टरमध्ये गेलेलं. लग्न होऊन ती आमच्या निमोण्यात आली तेव्हा तिच्या रुखवतात नॉनस्टिकची तीन भांडी होती. एक लहान पॅन, एक डोशाचा तवा आणि काचेच्या झाकणाची खोल कढई. आमच्या घरात तोवर सगळा कारभार लोखंडाच्या आणि जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांचा.

पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, तो लहान पॅन घासायला घेतला. आतून काळा दिसला म्हणून त्यांना वाटलं करपलाय. पाणी तापवायच्या चुलीतली राख आणि तारेची घासणी घेऊन त्या नळावर बसल्या आणि पांढरा पत्रा दिसेपर्यंत उठल्याच नाहीत. मग पॅन उन्हात धरून कौतुकानं म्हणाल्या, "बघ गं, कसा लखलखीत निघाला! एवढा काळा करून कुणी दिला व्हता तुला?"

नवी सून ती. "छान निघाला आत्याबाई," एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं मी शेण काढायला गेले, तर गोठ्यामागं एकटीच रडत बसलेली.

"अगं, एका भांड्यापायी रडतीस व्हय?"

"भांड्याचं नाही ओ ताई," ती म्हणाली. "आईनं घेऊन ठेवली होती तिन्ही, माझं लग्न ठरायच्याही आधी. आणि लग्न काय तिला बघायला मिळालं नाही."

मी तिच्या शेजारी टेकले. शेणाचे हात, तिच्या पाठीवरही ठेवता येईनात. म्हणाले, "राहिलेली दोन आपण जपू. मला दाव, कशी घासायची ती."

तिनं दाखवलं. भांडं गॅसवरून उतरवलं की लगेच नळाखाली धरायचं नाही, निवू द्यायचं; तापलेल्यावर गार पाणी पडलं की वरचा थर उचलतो. कोमट पाणी, साबणाचे चार थेंब आणि स्पंजची मऊ बाजू. काही चिकटून बसलंच तर खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा आणि बाजूला ठेवून आपल्या दुसऱ्या कामाला लागायचं. हलवायला लाकडी उलथणं. एकात एक ठेवायची वेळ आली तर मध्ये फडक्याची घडी. हे सगळं ती इतक्या मायेनं सांगायची, जणू लहान मुलाला न्हाऊ घालण्याचं सांगतेय. आत्याबाईंना ती कधी एका शब्दानं बोलली नाही. पण त्यांना कुठूनतरी कळलं असावं, कारण तारेची घासणी त्यांनी स्वतःच उचलून गोठ्यातल्या खिळ्याला अडकवली.

मला सख्खी बहीण नाही. त्या दोन-तीन वर्षांत ती काय असते ते मला कळलं. संध्याकाळी ज्वारीच्या पिठाची धिरडी त्या तव्यावर टाकायचो. पोरं ताटं घेऊन रांगेत बसायची. धिरडं आपोआप सरकत ताटात यायचं, तेव्हा आत्याबाईसुद्धा हसायच्या. मग आम्ही दोघी नळावर. एक घासायची, एक पुसायची, आणि घरात कुणापुढं बोलता येत नाही ते सगळं तिथं बोलून घ्यायचो. एकदा माझ्या पोरीनं चिक्की करायच्या नादात कढईत गूळ करपवला. मी घाबरून उलथण्यानं खरवडायला गेले, तर हिनं माझा हात धरला.

"थांबा ताई. गरम पाणी घालू, सोडा टाकू, आणि बारीक गॅसवर राहू दे."

"निघंल का गं?"

"निघंल की. तुम्ही चहा टाका तवर."

चहा झाला, तोवर गूळ पापुद्र्यासारखा सुटून वर आला होता.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. माझ्या मालकांनी एका पॅनेलला शब्द दिलेला आणि भाऊजी उभे राहिले दुसऱ्या पॅनेलकडून. भावाच्या विरोधात आपण प्रचार करणार नाही, असं मालक म्हणत राहिले, पण दिलेला शब्दही त्यांनी मोडला नाही. भाऊजी थोडक्यात पडले. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. गणपतीच्या आधी चुली वेगळ्या झाल्या आणि दिवाळीनंतर अंगणात भिंत आली.

चुली वेगळ्या झाल्या त्या दिवशी भांड्यांची वाटणी आत्याबाईंनी अंगणात बसून केली. तांब्याचा हंडा इकडं, पितळी परात तिकडं. धाकटीनं आपली कढई उचलली आणि गुपचूप माझ्या ढिगात ठेवली. भाऊजींनी ते पाहिलं.

"ती आपली हाय. उचल."

"राहू द्या ना. ताईंकडं माणसं जास्त आहेत, त्यांना लागते."

"उचल म्हणतो ना!"

ती जागची हलली नाही, तेव्हा त्यांनीच कढई उचलून आपल्या ढिगात टाकली, तव्यावरच. धाकटी खाली बसली. कमरेचा रुमाल काढला, त्याची घडी केली आणि दोन भांड्यांच्या मध्ये सारली. माझ्याकडं तिनं मान वर करून पाहिलंही नाही. मी पाहत होते, आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

भिंतीपलीकडं जायचं नाही, असा दोन्ही घरचा हुकूम. पलीकडच्या नळावर ती भांडी घासायची आणि अलीकडच्या नळावर मी. कधी ती जरा मोठ्यानं खोकायची, मग मीही खोकायचे. बोलणं ते तेवढंच. तिला दिवस गेल्याचं मला आत्याबाईंकडून कळलं, कारण त्या दोन्हीकडं जेवायच्या. मी त्यांच्या हाती आवळ्याचं लोणचं पाठवलं. बरणी धुऊन परत आली, आत मूठभर खारका होत्या.

सातवा महिना लागला होता. दिवेलागणीला पलीकडून तिचं ओरडणं ऐकू आलं आणि मी हातातलं पीठ तसंच टाकून उठले.

मालक म्हणाले, "त्यांनी बोलावलंय का?"

"न्हाई बोलावलं," मी म्हणाले आणि गेले. दार आतून लावलेलं होतं. मी दोन्ही हातांनी दार वाजवलं. भाऊजी आतूनच म्हणाले, "तुमचं काम न्हाई वैनी. आमचं आम्ही बघून घेऊ." माझ्या हातांवरचं ओलं पीठ त्या दाराला लागलं. थोड्या वेळानं गाडी आली. तिला चादरीत धरून शिरूरला दवाखान्यात नेलं. मी भिंतीशी उभी होते. तिचा फक्त पाय दिसला, जोडवी घातलेला.

बाळ हाती लागलं नाही. ती दवाखान्यातूनच दौंडला वडिलांकडं गेली आणि मग निमोण्याला आलीच नाही. भाऊजीही त्या घरात परत राहिले नाहीत; कुरकुंभच्या एका कंपनीत काम धरलं आणि दौंडलाच खोली केली. वाट्याची जमीन दुसऱ्याला वाट्यानं लावून दिली. पलीकडच्या घराला कुलूप लागलं.

चावी आत्याबाईंकडं होती. बऱ्याच दिवसांनी एकदा त्या मला म्हणाल्या, "घुशींनी घर पोखरलं असंल. चल, झाडून घेऊ." आम्ही दार उघडलं. गॅसवर कढई तशीच होती. झाकण उघडलं तर तळाला शेवयांची खीर, वाळून काळी आणि दगडासारखी झालेली. त्या संध्याकाळी तिनं खीर टाकलेली असणार. कळा सुरू झाल्या, गॅस कुणीतरी बंद केला आणि सगळे निघून गेले.

"टाकून दे ती," आत्याबाई म्हणाल्या.

मी टाकली नाही. घरी आणली. कोमट पाणी घातलं, सोडा घातला. पहिल्या पाण्याला काहीच हललं नाही. दुसरं पाणी गॅसवर बारीक ठेवलं. बोटांनी चाचपून पाहत होते, नखसुद्धा लागू देत नव्हते. एकेक शेवई सुटून वर यायला लागली तेव्हा मला रडू आवरेना. त्या खिरीत वेलदोडे होते, बेदाणे होते, तिनं स्वतःसाठी हौसेनं केलेली होती. सगळी दुपार गेली. संध्याकाळी कढई स्वच्छ झाली, एक चरा उमटला नव्हता. मी तिला आतून तेलाचं बोट फिरवलं, फडक्यात गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जाते सांगून शिरूरला गेले. तिथून दौंडची एसटी धरली.

तिची खोली रेल्वेलाइनच्या पलीकडं होती. तिनं दार उघडलं. खूप वाळली होती. "या ताई," म्हणाली, पाया पडली, पाणी दिलं. मी पिशवीतून फडकं काढलं आणि सोडलं.

ती कितीतरी वेळ कढईकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कशाला घासली ताई?"

"अगं, तुझ्या आईची ना ती?"

"आईचीच." तिनं हात पुढं केला, पण कढईला लावला नाही. "मला वाटायचं, कुणीतरी टाकली असंल. बरं झालं असतं. त्यातली खीर मला रोज दिसते. तुम्ही घेऊन जा. मला नाही बघवत."

मी परत गुंडाळली. काय करायला आले होते आणि काय करून बसले, असं झालं. ती चहा टाकायला उठली. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही आला होतात. दार वाजवत होतात. मी ऐकलं."

"मला आत घेतलं न्हाई गं."

"माहितीये. मी हाका मारत होते तुम्हाला. पण आवाजच फुटत नव्हता."

तिनं कप माझ्या हातात दिला. चहा प्यायलो. पूर्वी ज्या बायका नळावर बोलताना थांबायच्या नाहीत, त्या एका खोलीत बसून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज ऐकत होत्या.

मी निघतच होते, तेवढ्यात भाऊजी ड्युटीवरून आले. कंपनीचा निळा शर्ट, डोळे ओढलेले. मला पाहून दारातच थबकले. मला वाटलं, आता ओरडतील.

"वैनी," ते म्हणाले, "जेवून जा की."

"नको. शेवटची गाडी चुकंल."

त्यांनी मोटारसायकल काढली आणि मला स्टँडवर सोडलं. गाडी लागलेलीच होती. मी खिडकीशी बसले, कढई मांडीवर. ते पाण्याची बाटली घेऊन आले आणि खिडकीतून माझ्या हातात दिली.

"आई कशी हाय?"

"तुमची आठवण काढत्यात."

त्यांनी मान हलवली. कंडक्टरनं घंटी वाजवली, तसे दोन पावलं गाडीबरोबर चालले आणि म्हणाले, "दादाला सांगू नका, मी बोललो म्हणून."

मी सांगितलं नाही. कढई गोठ्यात ठेवूनच मी घरात आले. मालकांनी शेतातल्या पाण्याचं विचारलं, तेही मी खोटंच सांगितलं. ते मान खाली घालून जेवत होते. मी वाढत होते.