घोंगडीतले तारे

साऱ्या मुळशी तालुक्यात धुळीवर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे आमचे सायन्सचे सर. पौडच्या रस्त्यानं एस.टी. गेली की लोक तोंडाला उपरणं लावत. सर थांबून त्या धुरळ्याकडे कौतुकानं बघत राहत. आमच्या घरात पहिला पदवीधर मी, तोही सरांमुळे. म्हणून मी हसत नसे. निदान त्यांच्यासमोर नसे. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत वायू असतो, धूळ असते आणि तिथंच नवे तारे जन्मतात, हे ते असं शिकवीत: "अणू बिचारे एकेकटे भटकतात. धुळीच्या कणावर टेकले की शेजारी भेटतो, जोडी जमते आणि दोघं मिळून उडून जातात!" त्या पोकळीत अमोनिया सापडल्याचं पेपरात आलं, तेव्हा तर त्यांनी अमोनियाची बाटलीच वर्गात फिरवली. "सर, ह्यो तर आमच्या गोठ्याचा वास हाय!" पोरं ओरडली. सर टेबलावर चढून नाचायचेच काय ते राहिले.

आकाशातल्या एवढ्या जोड्या जमवणारे सर स्वतः मात्र चाळिशीपर्यंत एकटे. मुलगी बघायला जायचे आणि धूळ सांगून परत यायचे. माले गावचं स्थळ शेवटचं, असं त्यांच्या आईनं बजावलं होतं. मी त्याच शाळेत नुकताच मास्तर झालो होतो, म्हणून त्यांना आवरायला मला सोबत धाडलं. "सर, आज धूळ नाही हं," मी वाटेत विनवलं. "छे रे!" सर म्हणाले.

पण कौलातून नेमका कवडसा उतरला. पोह्यांच्या बशा आल्या होत्या. सर उठले, बसायला घातलेली घोंगडी उचलली आणि कवडशात अशी झटकली की मुलीचे वडील दिसेनासेच झाले. "बघा! एकेका कणावर एकेक जोडी जमतेय!"

"मास्तर, जावई म्हणून आलाय का वावटळ म्हणून?" धुरळ्यातून आवाज आला. मी चपला शोधू लागलो.

"पर ती जमल्याली जोडी उन्हानं मोडत न्हाई व्हय?" मुलगी कवडशाकडे बघत म्हणाली.

सरांचे हात थांबले. आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. "मोडते ना," ते हळूच म्हणाले. "ताऱ्यांच्या उजेडानं मोडते. म्हणून तर धुळीच्या आडोशाला राहते."

"मंग ऱ्हाईल," ती म्हणाली. "आबा, दुसरं पोहं आणते."

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा सरांच्या पत्नीला, मालेच्या त्याच मुलीला, भेटायला गेलो. दुपारचा कवडसा आला तशी त्यांनी कोपऱ्यातली जुनी घोंगडी उचलली आणि हलकेच एकदा झटकली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही कवडशाकडे बघत राहिलो.