दस्तगीरनं आखलेलं अंगण

“मास्तर, दस्तगीर गेला की वो!” झोपड्यांच्या रांगेपलीकडून कुणीतरी ओरडलं, आणि मी हातातली भाकरी तशीच खाली ठेवली. लहानपणापासूनचा दोस्त गेला म्हटल्यावर रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. खरं सांगतो, आधी भीती आली. धावत जाऊन मी चंपाला, माझ्या धाकट्या लेकीला, उचललं आणि तिच्या काखेत गाठ आलीय का ते चाचपू लागलो. पोरगी गुदगुल्या होतात म्हणून खिदळत होती आणि मला दरदरून घाम फुटला होता. कारण परवा-परवाच दस्तगीरनं तिला खांद्यावर घेतलं होतं. हा प्लेग मेला असा, की मागं राहिलेल्यांना धड रडूही देत नाही. आता माळावरच्या त्या झोपड्यांतून घरी परतून काही आठवडे झालेत, म्हणून लिहायला बसलोय.

दस्तगीर मूळचा मलकापूरकडचा. आम्ही एका शाळेत शिकलो, एकाच तालमीत माती खाल्ली. पुढं मी शाळामास्तर झालो आणि त्यानं लोकांच्या घरांभोवती बागा आखून द्यायचं काम धरलं. महाराजांच्या राज्यात शहराबाहेर नवी घरं उठत होती, आणि प्रत्येकाला साहेबाच्या बंगल्यासारखे विलायती गुलाब हवे होते. पेठेतल्या दाटीला आणि प्लेगला भिऊन मीही गावाबाहेर मुरमाड जागेत घर बांधलं आणि त्याला म्हटलं, मलाही गुलाब लाव. तो कमरेवर हात ठेवून हसला. “गुलाब लाव की! आन् त्याला रोज न्हाऊमाखू घालाय एक बाई ठेव. मास्तर, ह्या मुरमात जे आपसूक जगतंय तेच दारात आणायचं. उगंच लाड न्हाईत.”

मग दिवसभर तो रिकाम्या अंगणात नुसता हिंडला. सावली कुठं सरकते, पाणी कुठून वाहतं, हे बघत चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढत राहिला. दुपारचं ऊन अडवायला पश्चिमेला करंज आणि बहावा. कुंपणाला भिंत नको, करवंदी आणि निरगुडी. मोरीच्या पाण्यावर अडुळसा. आणि माझ्या बसायच्या खिडकीशी पांढरा कुडा. पावसाळ्यात मलकापूरच्या रानातून बैलगाडी भरून रोपं आली, तेव्हा आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. “भावजी, घर करताय का जंगल? करवंदीच्या जाळीत साप बसला म्हंजे?”

“वैनी, तो बसंल की! पावणाच हाय तो, उंदरं खाईल आन् जाईल,” असं म्हणून हा बाबा जाळीत खुशाल कोपरापर्यंत हात घालायचा. मला बघूनच शहारे यायचे. मी मुळातला भित्रा. पाल पडली तरी तीनदा आंघोळ करणारा माणूस मी! त्याला मात्र जगात एकाच गोष्टीची भीती होती, ती सुईची. प्लेगची लस टोचायला डॉक्टर आले तेव्हा आम्ही सगळ्यांनी दंड पुढं केले. हा गडी परड्यातून पळाला. मी संतापून म्हणालो, “लेका, तू सापाला भीत नाहीस आणि सुईला भितोस?” तर म्हणतो कसा, “साप निदान मागं सरतोय. सुई फुडंच येती की रं!” मी हसलो होतो. त्या हसण्याचा आता राग येतो.

थंडीच्या अखेरीला आमच्या घरात उंदीर पडला. कोठीच्या दाराशी तोंड वासून मेलेला. त्याच दिवशी घराला कुलूप घालून आम्ही माळावर झोपडीत आलो. रोपांनी अजून एकही उन्हाळा काढलेला नव्हता. मी म्हटलं, जळू देत मेली, जीव वाचला तर पुन्हा लावू. दस्तगीर ऐकेल तर शपथ! “पहिला उन्हाळा तेवढा निभवून द्यायचा. मुळं खाली गेली म्हंजे कुणाच्या बापाला पाणी मागत न्हाईत.” प्लेगच्या नाक्यावरच्या पहारेकऱ्याची नजर चुकवून तो ओढ्यातून आमच्या ओस पडलेल्या घरी जाऊ लागला, आणि येताना माळावर येऊन बातमी द्यायचा. “बहाव्याला कोंब आलाय, मास्तर!” तो दिसला की मी चंपाला मागं ओढायचो. लांबूनच बोल, म्हणून मी ओरडायचो. मग एके दिवशी मी वळायच्या आत चंपा त्याच्याकडं पळत गेली आणि त्यानं तिला उचललं. मी असा किंचाळलो, की शेजारच्या झोपड्यांतून माणसं बाहेर आली. त्यानं तिला हळूच खाली ठेवलं, चार पावलं मागं सरला आणि म्हणाला, “चुकलं गड्या. ध्यानातच न्हाई आलं.” त्यानंतर तो दिसला नाही... आला तो त्याच्या मरणाचा निरोपच.

चंपाला काही झालं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तिचं अंग चाचपताना मी अल्लालाही हाक मारली आणि अंबाबाईलाही.

घरी परतलो तेव्हा ऊन आत यावं म्हणून सरकारी माणसांनी छपराची कौलं उतरवलेली होती, भिंतींना चुना दिलेला होता. अंगणात पाऊल टाकायचं माझं धाडस होईना. करवंदीत पान सळसळलं तरी वाटायचं, उंदीर! कापून टाकावी सगळी, असंही मनात आलं. मग मंडळीच आतून ओरडल्या, “अवो, बघत काय बसलाय? रोपं माना टाकाय लागल्यात!”

जवळ गेलो, तर प्रत्येक रोपाच्या मुळाशी एकेक मडकं पुरलेलं. बुडाला भोक, भोकात चिंधीची वात, तोंडावर आमच्याच छपराचं कौल. रोज येणं जमणार नाही म्हणून त्यानं ही सोय केलेली. कुड्याजवळचं कौल मी काठीनं सरकवलं. मडक्याच्या तळाशी नुसती ओल उरली होती. आणि तोंडाभोवती लिंपलेल्या चिखलात त्याची बोटं उमटली होती, पाचच्या पाच...

माझा हात पुढं होईना. त्या हातांनी शेवटी काय काय शिवलं असेल, हेच डोक्यात. शेवटी घागर उचलली आणि ते मडकं भरलं.

आता रोज सकाळी मडकी भरतो. भीती काही गेलेली नाही. भरून झाली की राखेनं कोपरापर्यंत हात घासतो, दोनदा घासतो. पण कुड्यापाशी आलो की घागर अगदी हळू कलती करतो. त्या बोटांवर पाण्याचा थेंब पडू देत नाही.