आई आधी हसली

टीव्हीवर चॅनेल बदलताना एक जुना विनोदी मूकपट सापडला. खांद्यावर शिडी घेतलेला माणूस वळला, की मागच्याची टोपी उडायची. आमच्या आधी आई हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एरवी मालिका बघताना ती आमच्यानंतर हसते. ऐकू येईनासं झाल्यापासून विनोद तिला जरा उशिरा कळतात, असं आम्ही धरून चाललो होतो.

"काय म्हणाला रे तो?" तिने विचारलं.

याला आवाजच नाही, अशी मी खूण केली.

"म्हणजे तुम्हालाही ऐकू येत नाहीये?" तिचा चेहरा उजळला.

एवढी वर्षं आमच्या शेजारी बसून ती कुठे होती?

मग मालिका लागली. आम्ही हसलो. आईने पडद्याकडे नाही, आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि मग हसली.