नळीचा आकडा

मुरलीपुऱ्यातल्या त्या लोहाराचं नाव मी कधी विचारलं नाही. विळी बिघडली की त्याच्याकडे जायचं, एवढीच ओळख. जयपुरात विळी कोणाला माहीत नसते. त्याने मात्र पहिल्याच दिवशी पाय मुडपून तिच्यावर बसून पाहिलं होतं.

परवा गेले तर भट्टी बंद. तापल्या लोखंडाची खपली पडून भट्टीला गॅस आणणारी रबरी नळी जळली होती. त्याने नवी नळी बसवली, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडा येतो का ते उकिडवा बसून बघत राहिला. आला नाही. मग जुनी नळी कोणी पुन्हा वापरू नये म्हणून तिचे तुकडे केले.

भट्टी पेटल्यावर मी विळी पुढे केली, तर ती बाजूला ठेवून त्याने एक सळई तापत घातली.

"भैया, पहले मेरा कर दो ना," मी म्हटलं. घरी पाहुणे यायचे होते.

"बहनजी, पहला लोहा इसका," तो नळीकडे बोट दाखवत म्हणाला. "आग यही लाती है, और पड़ी रहती है पैरों में।"

सळईचा आकडा करून त्याने भिंतीत ठोकला आणि नळी जमिनीवरून उचलून त्यावर टांगली. मग माझी विळी. उशीर झाला, पण राग काही आला नाही.

आता तिथून जाताना तो दिसला नाही तर मी आकड्याकडे बघते. नळी वर, जागच्या जागी असली की समजायचं, सगळं ठीक आहे, हा निवांत चहाला गेलाय.