कोयनेचा पत्ता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता मिठाची गुळणी धरून बसवत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कराडजवळच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागाचा साहेब होतो. साहेब कसला — मी आणि हंगामी ऑपरेटर संपत, एवढाच विभाग. कॉम्प्युटर एकमेकांना ओळखतात ते आकडी पत्त्यांवरून. मी त्यांना नद्यांची नावं दिली. ऑफिसातली कृष्णा, वजनकाट्यावरची कोयना. खंडेनवमीला मशिनांना हार घालताना ती नावं बघून चेअरमन खूश झाले, आणि मी हुरळलो. कोयनेच्या सेटिंगमध्ये तिच्या स्वतःच्या पत्त्याचे आकडे खोडून तिथेही नावच लिहिलं. कोणत्या नावाचा आकडा कोणता, ती यादी ठेवली फक्त कृष्णेत. इथे आकडेच लिहा, असं मशिनबरोबर आलेल्या पुस्तकात होतं. मी वाचलं होतं. पण आकड्यांना कोण हार घालणार?

चालू मशिनला काही फरक पडला नाही. मग ऐन गळितात वीज गेली, आली, संपतने बटण दाबलं — आणि कोयनेला स्वतःचा पत्ताच कळेना. तो कृष्णेला विचारायचा, तर तिच्यापर्यंत पोचायलाच पत्ता हवा. किल्ली घरात ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं.

काटा बंद पडला. उसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत, बैल उन्हात, नुसत्या शिव्या. मी गुपचूप नाव खोडून आकडे लिहिले, तेव्हा काटा सुरू झाला. चेअरमन येऊन गरजले, "कुनी केलं ह्ये?"

संपत त्याच हंगामात कायम होणार होता. आणि संपत बौद्ध वस्तीतला. त्याचं नाव घेतलं तर कुणी पुढचा प्रश्न विचारणार नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं — म्हणूनच घेतलं. यानं सेटिंगला हात लावला, म्हणालो. त्याच्यादेखत.

"आवं सायेब, मी निस्तं बटन दाबलं..."

त्याच दिवशी त्याला काढलं. विट्याच्या एका गलाईवाल्याबरोबर सोनं गाळायला तो परमुलखात गेला, ॲसिडच्या धुरात.

काही वर्षांनी कराडच्या स्टँडवर भेटला. खोकत होता. वाटलं, शिव्या देईल — द्याव्यात, असंही वाटलं.

"लय इचार केला सायेब," तो म्हणाला. "माज्याच हातनं कायतरी दाबलं गेलं आसंल. तुमास्नी लय तरास झाला."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे, संपत," म्हणालो. "होतं असं."